डिस्कोच्या तव्यावरची पिन

अक्षता पडायच्या आधी नवरदेव मारुतीच्या पाया पडायला जातो, त्याला आमच्याकडं परण्या म्हणतात. गावचा मारुती आमच्या गल्लीच्या टोकाला आहे. त्यामुळं लग्न कुणाचंही असो, परण्या माझ्या दारावरून जातो. पूर्वी हलगी असायची, मग बँड आला, आता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत डीजेची खोकी रचून आणतात. ती वाजायला लागली की फळीवरची जर्मनची भांडी एकमेकांवर आपटतात आणि भिंतीचे पोपडे सुटतात.

त्या नव्या गाण्यांत मधूनच जुनं डिस्कोचं एक गाणं लागतं. आमच्या वेळचं. पोरांनी त्याचे ठोके वाढवून ते नवं केलंय, पण मला पहिल्या ठोक्यालाच कळतं. मग मी दारातल्या बाजेवरून उठतो, घरात जातो आणि दार लावून घेतो. पोरं हसतात, आबाला डीजे सोसत नाही म्हणतात. म्हणू देत. मी आजवर कुणाला खुलासा दिलेला नाही आणि मागायची कुणाची टाप नाही. पण इथं लिहितो. माझी शाळा चौथीपर्यंत. जोडाक्षरं अजून चुकतात. तरी जे घडलं ते मला सरळ सांगता येतं.

मी लाऊडस्पीकरवाला होतो. तेर गावाच्या आसपासच्या गावांत लग्न असो, जावळ असो, नाहीतर जत्रा, माझं मशीन जायचं. मशीन म्हणजे अँप्लिफायर, तबकडी फिरवायचा खोका, बॅटरी, माइक आणि दोन कर्णे. गाण्याच्या तबकड्यांना आम्ही तवे म्हणायचो. बैलगाडीत खाली कडबा, त्याच्यावर तव्यांची पेटी. ऊन लागलं की तवा पापडासारखा वाकतो, म्हणून मी पेटीवर माझी सावली पडेल असा बसायचो. माझं डोकं तापलं तरी चालेल, तवा तापता कामा नये.

गावात पोचलो की आधी उंच झाड हेरायचं. एक कर्णा मांडवाकडं तोंड करून बांधायचा, दुसरा शिवाराकडं. शिवाराकडचा कर्णा महत्त्वाचा. लांब रानात खुरपत बसलेल्या बाईला कळलं पाहिजे की आज अमक्याच्या घरी हळद आहे. पहिला तवा देवाचा, मग सनईचा, मग घरच्यांच्या आवडीचे. माइकवर पुकारायचं कामही माझंच. मामानं काय आणलं, आत्यानं काय आणलं, पंगत कधी बसणार. माझा आवाज खणखणीत होता. अजून आहे.

गाणं लावलं की माइकचं बटण बंद करायचं, हा या धंद्यातला पहिला धडा. शेजारच्या गावचा एक मशीनवाला होता. त्याचं बटण चालू राहिलं आणि वाढायला उशीर झाला म्हणून त्यानं पुटपुटत दिलेल्या शिव्या सगळ्या वऱ्हाडानं ऐकल्या. त्याला नंतर कुणी मांडवात उभं केलं नाही. माझं मशीन धाराशिवचा एक मिस्त्री दुरुस्त करायचा. तो किस्सा मी त्याला सांगितला, तर त्यानं माझ्या मशीनवर एक बारका लाल दिवा बसवून दिला. माइक चालू असला की तो पेटायचा. मिस्त्री म्हणाला, "भाई, ये जल रा तो मुँह बंद रखो."

मी दिवा बसवून घेतला, पण वर त्याला ऐकवलं की मला याची गरज नाही, माझं बटण कधी चालू राहत नाही. गावोगाव हेच सांगायचो. लोकही मान डोलवायचे.

डिस्कोचा पहिला तवा मी धाराशिवहूनच आणला. घरी लावून बघितला आणि मला वाटलं मशीन बिघडलं. खाली एकसारखा ठोका, विहिरीवरच्या इंजिनासारखा. वर कसलीतरी चिरकी वाद्यं. मधेच गाणारी बाई पाणी भरून दमल्यासारखी श्वास टाकायची. मी पिन बदलली. बॅटरीची टोकं घासली. कर्ण्यात गांधीलमाशीनं घर केलंय का तेही बघितलं. शेवटी मशीन मांडीवर घेऊन एसटीनं परत धाराशिवला गेलो. मिस्त्रीनं तवा लावला, सगळा ऐकला आणि हसत बसला. मशीन एकदम ठीक आहे म्हणाला, गाणंच असं आहे, आणि आता सहा महिने तू दुसरं काही वाजवणार नाहीस.

मी मनात ठरवलं होतं की असलं काही आपण वाजवायचं नाही. पण मिस्त्री बोलला तसंच झालं. लग्नघरचं माणूस सुपारी द्यायला आलं की पहिलं विचारायचं, डिस्को आहे का. कळंबच्या बाजारात डिस्को बांगड्या आल्या, डिस्को चप्पल आली. पोरांच्या पँटी खाली घागरीसारख्या झाल्या. एका नवरदेवानं चमकीचा सदरा घातला होता, त्याच्यावर ऊन पडलं की समोरच्या घोडीनं मान फिरवावी. परण्याला मारुतीपर्यंत दोनशे पावलं जायचं, त्याला दोन-दोन तास लागायला लागले. पोरं पुढं जायचीच नाहीत. एकाच जागेवर, धुराळ्यात, घामानं भिजून नाचत राहायची. बाराच्या अक्षता तीनला पडायच्या. भटजी माझ्यावर डोळे वटारायचे, जसं काय ते गाणं मीच केलं होतं.

खरं सांगतो, मलाही ते आवडायला लागलं होतं. कबूल केलं नाही ही गोष्ट वेगळी. त्या ठोक्यात असं काहीतरी होतं की माणसाला बसवत नव्हतं. दिवसभर उसात राबलेली माणसं, ज्यांना कधी कुणी मोठ्यानं हसताना बघितलं नाही, ती डोक्यावरचा पटका कमरेला बांधून नाचायची. त्यातली निम्मी आता नाहीत. उरलेली दवाखान्याच्या रांगेत भेटतात आणि गुडघ्याचं बोलतात.

आता बायकोचं सांगतो. सांगायचं तेच आहे.

नवा तवा आणला की मी आधी घरी ओसरीत लावून बघायचो. ती आत चुलीपाशी भाकरी थापत असायची. भाकरी थापायचा आवाज तर कुणाच्याही घरात येतो. पण एका सकाळी माझ्या ध्यानात आलं, डिस्कोचा तवा लागला की तिचा हात ठोक्यावर पडायचा. थप थप, थप थप, लाकडी काटवटीवर, एकही ठोका न चुकता. गाण्यात वाद्यं थांबायची तिथं तीही थांबायची आणि पुन्हा ठोका सुरू झाला की बरोबर त्याच घडीला हात खाली. बँडमधल्या ढोलवाल्यालाही इतकं जमायचं नाही. मी तिला काही म्हणालो नाही. पण तो तवा मी नंतर विनाकारण लावायला लागलो, भाकरीच्या वेळेला. दुपारी ती म्हणायची, तुमचा तवा झिजंल की. मी म्हणायचो, झिजू दे.

आमच्या बोलण्यात प्रेमाबिमाचा शब्द कधी नव्हता. त्या वेळी नसायचाच. जे होतं ते एवढंच, माझा तवा आणि तिची काटवट.

मग माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. घरचंच कार्य, त्यामुळं मशीन माझं आणि मांडवही माझाच. हळदीचा दिवस. सकाळचे दहा-अकरा वाजलेले. अंगणात चादरी बांधून बायांची जागा केली होती. मी ओसरीच्या कोपऱ्यात मशीन घेऊन बसलो होतो. एक कर्णा दारातल्या कडुलिंबावर, दुसरा लांब, एसटीच्या थांब्याजवळच्या चिंचेवर. घरचं कार्य म्हणून मी तार जास्तीची ओढली होती. सगळ्या शिवाराला कळावं ही हौस.

मी माइकवर पुकारलं, हळद लागायलीय, बायांनी लवकर यावं. तेवढ्यात आतून निरोप आला की पोरींना डिस्को पाहिजे. मी डाव्या हातात माइक तसाच धरला आणि उजव्या हातानं तवा लावला. बटणाचं राहून गेलं.

आधी पोरी नाचल्या. मग बहिणीनंच माझ्या बायकोला ओढलं, वहिनी तुमी या म्हणून. ती नको नको म्हणाली. हात हळदीनं भरलेले. पण ठोका आला आणि ती शिरली. तिला कुणी शिकवलं नव्हतं. सिनेमा तिनं आयुष्यात दोनदा बघितला असेल. तरी ती अशी नाचली की बाकीच्या पोरी बाजूला सरकून टाळ्या धरायला लागल्या. पायात जोडवी, डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला, पिवळे हात वर. गाण्यात वाद्यं थांबली तिथं ती थांबली आणि हसली. चादरीच्या फटीतून मला सगळं दिसत होतं. मला बरं वाटलं. हे मी आज लिहितोय.

मग मला पलीकडच्या दगडी गडग्यावरून दोन माणसं डोकावताना दिसली. नवरदेवाकडची, उष्टी हळद घेऊन आलेली. एक दुसऱ्याला कोपरानं ढोसत होता. माझं डोकं फिरलं. मी तव्यावरची पिन उचलली. उचलली कसली, ओढली. तव्यावर चर्र करून रेघ पडली. आणि माइक धरलेल्याच हातानं चादर बाजूला सारून मी तिला म्हणालो, "घरची बाई हाईस का तमाशातली? कंबर हलवायला लाज वाटंना?"

मी हळूच म्हणालो होतो. दात खाऊन, पण हळू. ते फक्त तिला ऐकू जायला पाहिजे होतं. पण माझाच आवाज लिंबावरून माझ्या कानावर आला. आणि त्याच्यामागून क्षणभरानं लांब चिंचेवरून, थांब्यावरून, तोच आवाज परत. एसटीची वाट बघणाऱ्यांनी ऐकलं. रानातल्या बायांनी ऐकलं. शेवटचा शब्द तर शिवारात विरेपर्यंत मी उभा होतो.

ती रडली नाही. माझ्याकडं बघितलं, मशीनकडं बघितलं, पदर डोक्यावर घेतला आणि आत चुलीकडं गेली. बहीण हळदीच्या पाटावर रडायला लागली. मी बटण बंद केलं.

संध्याकाळी पारावर माणसांनी विचारलं, माइक चुकून राहिला का. तिथं मी एवढंच म्हणायला पाहिजे होतं की हो, राहिला. एक शब्द. पण आख्ख्या भागात मी सांगत फिरलेलो की माझं बटण कधी चालू राहत नाही. मी म्हणालो, "चुकून कशाचं? म्या मुद्दाम बोललो."

दोघं-तिघं म्हणाले, बरं केलं, बायकांना धाक पाहिजे. ते ऐकायला नको म्हणून मी पारावरून उठलो, पण बोललो ते बोललो. पुढं जिथं विषय निघाला तिथं मी तेच सांगितलं. सांगून सांगून मलाही ते खरं वाटायला लागलं. ते फिरत फिरत तिच्या कानावर जाणारच होतं. गेलंच असेल.

तिनं त्या दिवसाचा विषय काढला नाही. भांडली नाही, माहेरी गेली नाही, माझं ताट कधी चुकलं नाही. फक्त पुढं कुठल्याही हळदीला गेली की हळद लावून सरळ घरी यायची. आणि काटवटीवरचा ठोका गेला. मी तवा लावला, मुद्दाम लावला, दहा वेळा लावला. रेघ पडलेल्या जागी तो उडी मारायचा. आत भाकरी थापायचा आवाज यायचा, पण तो नुसता भाकरीचा. गाणं एकीकडं, हात दुसरीकडं. इतका ताल असलेल्या बाईला असं बेताल थापायला किती जोर लावावा लागला असेल, ते मला म्हातारपणी कळलं.

मग फितीच्या कॅसेट आल्या. पोरं म्हणाली, घ्या आबा एक यंत्र. मी म्हणालो, पेनानं गुंडाळावी लागती त्याला गाणं म्हणायचं का. घेतलं नाही. बँजो पार्ट्या आल्या, माझी सुपारी तुटली. मशीन माळ्यावर गेलं. मी शेती करत राहिलो. तिचे कान हळूहळू गेले. गावात म्हणायचे, जन्मभर कर्ण्याखाली काढला, जाणारच. माझे कान मात्र शाबूत. लिंबावरून आलेला तो आवाज मला आजही ऐकू येतो.

गेल्या उन्हाळ्यात ती अंथरुणाला खिळली होती. दाराजवळच्या खोलीत भिंतीला लागून तिची बाज. एका दुपारी परण्या आला, डीजे लावून. आमच्या दारापुढं विजेची तार खाली लोंबलेली आहे. खोक्यांची उतरंड उंच, ती तारेला लागायला आली, म्हणून ट्रॉली दारातच थांबली. आणि गाणं लागलं ते. तेच.

तिला ऐकू येत नव्हतं. पण तिनं भिंतीला तळवा लावला. भिंत हलत होती. माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "हे तेच हाय न्हवं?"

मी मान हलवली. तेवढ्यात डीजे बंद झाला. तार बांबूनं वर उचलायची होती, म्हणून त्यांनी जनरेटर बंद केला. शंभर माणसं दारात आणि एकदम सामसूम. मला काय झालं कुणास ठाऊक. मी तिच्या कानाशी वाकलो आणि म्हणालो, "त्या दिशी माइक चुकून चालू राहिला हुता."

ती म्हणाली, "काय म्हनायलाव?"

मी मोठ्यानं सांगितलं. तिला अजून कळलं नाही. कानाला हात लावून म्हणाली, परत सांगा. तिसऱ्यांदा मी छातीत होता नव्हता तेवढा आवाज काढला. कर्ण्याची गरज पडली नाही. "माइक चुकून चालू राहिला हुता. म्या मुद्दाम न्हाय केलं. माझी चूक हुती."

बाहेर बांबू धरलेल्या पोरांनी दाराकडं बघितलं. घोडीवरच्या नवरदेवानं मान वळवली. आख्ख्या परण्यानं ऐकलं. ऐकू दे, मला वाटलं. तेव्हाचंही सगळ्यांनी ऐकलं होतं.

ती म्हणाली, "दिवा दिसला हुता मला. लाल दिवा. तव्हाच कळलं, बटण राहून गेलंय. म्हनलं, सांजंला सांगत्याल." आणि वर म्हणाली, "तुमी तर मुद्दाम केलं म्हनून सांगत फिरलाव."

म्हणजे तिला पहिल्या घडीपासून ठाऊक होतं. चाळीस वर्षं ती माझ्या एका वाक्याची वाट बघत होती आणि मी समजत होतो की तिला ते मुद्दामच केलेलं वाटतंय. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिला खरंच ऐकू आलं नव्हतं की माझ्याकडून ते तीनदा म्हणवून घ्यायचं होतं, हेही मला कळलं नाही. घेतलं असेल तर तिचा हक्क होता.

मग तिनं विचारलं, "नाच वंगाळ हुता का वो माझा?"

मी तोंड उघडलं आणि बाहेर जनरेटर सुरू झाला. गाणं तुटलं होतं तिथून पुढं लागलं. मी बोललो. पण माझं बोलणं माझ्याच कानात आलं नाही, तिच्या कुठून जाणार. ती माझ्या ओठांकडं बघत होती. मग तिनं तोंड भिंतीकडं केलं आणि तळवा पुन्हा भिंतीला लावला. ट्रॉली मारुतीकडं गेली तरी तिचा हात तिथंच होता.

दुसऱ्या दिवशी सांगता आलं असतं. तिसऱ्या दिवशीही. पण घर शांत होतं, सून चुलीपाशी, दारात शेजारीण गहू निवडत बसलेली. तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगायचं म्हणजे गल्लीभर सांगायचं. चूक कबूल करायला मी शंभर माणसांपुढं ओरडलो आणि माझी बायको चांगली नाचायची एवढं सांगायला मला लाज वाटली. म्हटलं, बघू. सांगू की.

पोळ्याच्या आठ दिवस आधी ती गेली.

तो रेघ पडलेला तवा पेटीत आहे. मशीन चालत नाही, आणि मिस्त्रीही आता नाही. मी दुसऱ्याकडं दुरुस्तीला देत नाही. पण परण्यात ते गाणं लागलं की मी उठतो, घरात जातो, दार लावतो आणि तिच्या बाजेपाशी उभा राहतो. भिंत हलत असते, भांडी वाजत असतात. त्या दणक्यात बाहेर कुणाला काही ऐकू जात नाही. तेवढ्या वेळात मी मोठ्यानं सांगतो, वंगाळ नव्हता गं, लई चांगला होता. ट्रॉली पुढं जाईपर्यंत सांगत राहतो. मग दार उघडून पुन्हा बाजेवर येऊन बसतो.